मागच्या नळाचा गुरुवार

१

प्रेरणानं कुलूप काढलं, दार ढकललं आणि आतून कुकरची शिट्टी झाली.

आम्ही दोघी उंबऱ्यातच थांबलो. घर रिकामं असायला हवं होतं. आठ दिवसांपूर्वी रंगाचा शेवटचा हात मारून कडुबा मिस्त्री गेला होता. मंगळवारी प्रेरणा मैत्रिणीच्या लग्नाला नाशिकला गेली, काल रात्री परतली. आज शनिवारी आम्ही नुसतं झाडून-पुसून घ्यायला आलो होतो. माझ्या हातात केरसुणी, तिच्या हातात फिनेलची बाटली. आणि आत कुणीतरी डाळ शिजवत होतं.

"मावशी, घर हेच ना गं?" प्रेरणा पुटपुटली.

"सहा वर्षं राहिलेय मी इथं. घर चुकेन होय?"

स्वयंपाकघरातून ओढणी सावरत एक बाई बाहेर आली. तिशी-पस्तिशीची, हातात पळी. आम्हाला पाहून ती आधी दचकली, मग सावरून म्हणाली, "कोण पाहिजे तुम्हाला?"

"मला कोण पाहिजे?" प्रेरणा म्हणाली. "अहो, हे माझं घर आहे."

बाईनं प्रेरणाकडं पाहिलं, मग माझ्या केरसुणीकडं. "असं कसं हो ताई? आम्ही भाड्यानं घेतलंय न हे. बुधवारीच सामान आणलं. मालक पुण्याचे आहेत, विश्वजीत साहेब. त्यांनीच किल्ली दिली."

विश्वजीतनं हे घर दहा महिन्यांपूर्वी तिलाच विकलं होतं.

२

प्रेरणा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. वाळूजच्या कंपनीत अकरा वर्षं नोकरी केली आणि एक दिवस मला म्हणाली, "मावशी, मी जुनी घरं घेऊन, दुरुस्त करून विकणार. एखादं ठेवून भाड्यानं देणार." मी म्हणाले, "तुला विटेचं तोंड कुठलं ते तरी कळतं का?" ती म्हणाली, "शिकेन." आणि तिनं राहता फ्लॅट विकून उस्मानपुऱ्यातलं हे पहिलं घर घेतलं. तेव्हापासून ती माझ्याच दोन खोल्यांत राहते.

घर मात्र तिनं माझ्या सांगण्यावरून घेतलं. एकोणीसशे ऐंशी ते शहाऐंशी मी या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू होते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी, एकटी, आणि एकट्या बाईला खोली द्यायला लोक तेव्हा दहादा विचार करत. विश्वजीतच्या वडिलांनी, अण्णांनी, एकदाही केला नाही. त्यांनी मला मागच्या दाराची पितळी किल्ली दिली आणि म्हणाले, "येण्याजाण्याची वेळ तुमची. मला विचारायचं नाही." त्या खोल्या, मागची फरशीची मोकळी जागा, जिन्याखालचा बुटका नळ, त्यावर वाकून धुतलेल्या साड्या, सगळं अजून डोळ्यांसमोर आहे. त्र्याऐंशीत पुढचा रस्ता खणला, तेव्हा पुढचा नळ दोन महिने कोरडा होता आणि सगळं बिऱ्हाड त्या जिन्याखालच्या नळावर तगलं होतं. पण त्याचं तेव्हा कौतुक नव्हतं. पाणी रोज यायचं, आतासारखं आठवड्यातून एकदा नव्हे.

प्रेरणानं घर छान केलं होतं. पुढच्या दाराला नवं कुलूप, नवं वायरिंग, मागं नव्या टाइल्स. मागचं सागवानी दार तेवढं तिनं घासून-पुसून तसंच ठेवलं, कुलपासकट. ग्राहकही चट मिळाला. गंगापूरचा शिवराज, चाळिशीचा, चष्मेवाला, गोड बोलणारा. मुलांच्या शाळेसाठी शहरात घर हवं म्हणाला. "मावशी, इतका भला माणूस!" प्रेरणा तेव्हा म्हणाली होती. "दुपारी आला, बैठक पाहिली, खोल्या पाहिल्या, वीस मिनिटांत पसंत. मागं तर गेलासुद्धा नाही. एक प्रश्न विचारला नाही."

इसारपावती झाली. त्यात शिवराजनं एक ओळ घालून घेतली होती: वीस तारखेला घराचा रिकामा ताबा द्यायचा, नाहीतर इसार दुप्पट परत. प्रेरणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. घर रिकामंच तर होतं. इसाराची रक्कम तिनं टाइल्सची उधारी फेडायला आणि रंगाला लावली.

आज बारा तारीख होती, आणि रिकाम्या घरात डाळ शिजत होती.

३

बाईचं नाव आबेदा. ती शिवणकाम करते. तिचा नवरा शफीक मिक्सर-फ्रिज दुरुस्त करतो, शहागंजला त्याची टपरी आहे. निरोप मिळताच तो स्कूटरवरून धावत आला.

"पोलिसांत चला," तो घामाघूम होऊन म्हणाला. "आत्ता चला ताई. मी चोर नाही. पण बायको-सामान घेऊन आता रस्त्यावर कुठं जाऊ? शहागंजची खोली सोडली मी. तिथं दुसरे आलेसुद्धा."

"आधी बस," मी म्हणाले. "पाणी पी. आणि सुरुवातीपासून सांग. तू मालकाला शोधलंस की मालकानं तुला?"

"त्यांनी मला, अम्मा. मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं होतं, उस्मानपुऱ्यात घर पाहिजे म्हणून. मंगळवारी फोन आला. मी विश्वजीत बोलतोय, पुण्याहून. घर नवं केलंय, रिकामं ठेवायचं नाही. किल्ली मागच्या गल्लीत मीटरच्या पेटीत आहे, मागच्या दारानं आत जा, घर बघा, पटलं तर उद्याच या."

"डिपॉझिट किती घेतलं?"

"नाही घेतलं."

"भाडं?"

"ते पण नाही." शफीक ओशाळला. "एक तारखेला पुण्याहून येतो, करारनामा करू, तेव्हाच द्या म्हणाले. मी आबेदाला म्हटलं, असा मालक या शहरात पयल्यांदा पाहिला. आता तर तो नंबरच बंद लागतोय."

प्रेरणानं माझ्याकडं पाहिलं. ठकवणारा माणूस आधी पैसा घेतो, इथं तर रुपया मागितला नव्हता. मग हा सगळा उपद्व्याप कशासाठी? त्या प्रश्नानं मला जे धरलं, ते दोन दिवस सोडलं नाही.

"फोनवर आणखी काय बोलला? आठवून सांग. प्रत्येक शब्द."

"मी ऐकलं न सगळं," आबेदा म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. घराची लई तारीफ केली. म्हणे, टँकरची कटकट नाही, दोन लायनींचं पाणी आहे. पुढच्या नळाला सोमवारी, मागच्या नळाला गुरुवारी."

"मग?"

"मग काय अम्मा! परवा गुरुवारी सकाळपासून मी बादल्या, पाण्याचं मोठं टिप लावून बसले. मागचा नळ सगळीकडं शोधला. एक नवा चमकता नळ आहे ओट्याच्या भिंतीला, पण तो पुढच्या टाकीचा. दुसरा नळ आहेच कुठं?"

"नाहीच तो," प्रेरणा गोंधळून म्हणाली. "या घराला एकच लाइन आहे."

माझ्या डोळ्यांसमोर जिन्याखालचा तो बुटका नळ ठिबकत होता.

४

"ती किल्ली दाखव बघू," मी आबेदाला म्हणाले.

तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडून पितळी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती चष्म्याजवळ नेली, मग चष्मा काढून बोटानं चाचपली.

किल्लीच्या दांड्यावर दोन बारीक खाचा होत्या. एकीखाली एक.

"काय झालं गं?" प्रेरणानं विचारलं.

"या खाचा मी पाडल्यात. कानशीनं. ऐंशी साली. पहाटेची ड्यूटी असायची, अंधारात पर्समधून घराची किल्ली आणि एक्स्चेंजच्या कपाटाची किल्ली ओळखू यायची नाही, म्हणून." मी किल्ली मुठीत धरली. "विश्वजीतनं तुला मागच्या दाराच्या किल्ल्या किती दिल्या?"

"दोन."

"त्या कुलपाच्या तीन होत्या. दोन अण्णांकडं असायच्या, तिसरी भाडेकरूकडं. मी घर सोडताना ही अण्णांना परत दिली, त्यांनी पुढच्या भाडेकरूला दिली असणार, त्यानं त्याच्या पुढच्याला."

"आणि मी ते कुलूप बदललं नाही." प्रेरणा मटकन आबेदाच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली. "जुनं पितळ किती सुंदर दिसतं म्हणून ठेवलं मी, मावशी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शिवराज होता. तिनं स्पीकर चालू करायच्या आत मी खूण केली, या लोकांसमोर नको. ती बाहेर जाऊन बोलली आणि पाच मिनिटांनी आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"त्यांना कळलंय. ते म्हणतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सांगितलं, घरात बिऱ्हाड आलंय म्हणून. वीस तारखेला ताबा रिकामा नसेल तर दुप्पट इसार द्या. नाहीतर सहा लाख कमी करून द्या, भाडेकरूंचं मी बघून घेतो."

सहा लाख गेले म्हणजे तिचा सगळा नफा आणि वर फ्लॅटच्या पैशातला लचका. शिकायला निघालेली पोर पहिल्याच धड्याला नोकरी शोधायला परत गेली असती, तीही बेघर होऊन.

"किती दिवसांची मुदत दिली?"

"गुरुवारी सकाळी दहाला येतो म्हणाले. बोलणी करायला."

"गुरुवारी?" मी म्हणाले. "फार चांगला दिवस आहे."

५

रविवारी मी कडुबाला बोलावलं. कामाच्या काळात घराची किल्ली त्याच्याकडं होती, आणि शफीकला वाटत होतं की सगळं मिस्त्रीनंच केलं. कडुबा आल्या आल्या उखडला.

"आज्जी, मी लोकांची घरं बांधतो, लोकांच्या घरात लोकं घालीत नाय! माझी मजुरी मिळाली, मी मोकळा. मला काय मिळनार व्हतं त्यातून?"

"तुला ओरडायला नाही बोलावलं रे. जिन्याखाली एक नळ होता, तो कुठं गेला?"

कडुबाचा आवाज एकदम खाली आला. "व्हता की. जुनाट, गंजलेला. लाईन मेलेली व्हती, आज्जी. म्या तपासली न. सोमवार व्हता, पुढं धो धो पानी चाललं व्हतं, आन् ह्यो नळ उघडला तर टिपूस नाय. म्हनलं मेली लाईन. बूच मारलं आन् वरून टाइल बसवली. ताईंना सांगितलं नाय, मेलेल्या लायनीचं काय सांगायचं?"

"सोमवारीच का तपासलीस?"

"म्हंजे? पान्याचा दिवस सोमवारच हाय न हितला!"

"हितला म्हणजे पुढच्या गल्लीचा," मी म्हणाले. "मागच्या गल्लीचा कोणता?"

सगळ्या शहरात मिस्त्री नळ तपासतात तो पाण्याच्या दिवशीच तपासतात. त्यानं नियमानं काम केलं होतं, फक्त नियम पुढच्या गल्लीचा लावला होता.

मागच्या गल्लीत मी स्वतः गेले. इस्त्रीवाल्या पुंजारामच्या ठेल्यावर विचारलं. "गुरुवारी येतं की पानी," तो इस्त्री न थांबवता म्हणाला. "धा-साडेधाला."

म्हणजे फोनवरचा माणूस खरं बोलला होता. घराला खरोखर दोन लाइनी होत्या.

सोमवारी मी मोनिकाकडं गेले. हे घर प्रेरणाला दाखवणारी एजंट तीच. प्रेरणानं ते पुन्हा विकताना तिला मध्ये घेतलं नाही, ग्राहक स्वतःच मिळवला, म्हणून तिचा राग होता, आणि तो तिनं लपवला नाही.

"काकू, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण भाडेकरू घुसवायला मी काय येडी आहे?"

"दोन लाइनींचं पाणी आहे त्या घराला. तुला माहीत होतं?"

मोनिका खुर्चीत पुढं सरकली. "काय सांगता! दोन लाइनी? उस्मानपुऱ्यात? अहो, ते माहीत असतं तर मी प्रेरणाला तेव्हाच आणखी चढ्या भावानं विकलं असतं! जाहिरातीत पहिली ओळ तीच टाकली असती!" आणि तिनं खरोखरच कपाळाला हात लावला.

मला हसू आलं. तिच्या निर्दोषपणाचा यापेक्षा चांगला पुरावा नको होता.

राहिला विश्वजीत. त्याचंच नाव वापरलं गेलं होतं. फोनवर तो आधी बुचकळ्यात पडला, मग घाबरला. "द्वारकामावशी, शपथेवर सांगतो, मी नाही. मला त्या घराचा इतिहासही धड माहीत नाही. बारावीनंतर मी पुण्यालाच. भाड्याचं सगळं अण्णा बघायचे."

"जिन्याखालचा नळ आठवतो?"

"त्या नळाखाली आंघोळ घालायची आई. का?"

"त्याला पाणी कोणत्या दिवशी यायचं?"

"कोणत्या दिवशी म्हणजे?" तो म्हणाला. "रोज यायचं की."

हा मुलगा गेला तेव्हा या शहरात पाण्याला वार नव्हते. गुरुवार त्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

"अण्णांचा शेवटचा भाडेकरू कोण होता रे?"

"मागच्या खोल्यांत कुणीतरी अभ्यासिका चालवायचं. स्पर्धापरीक्षांची पोरं बसायची. सहा वर्षं होते ते. मागच्या गल्लीतूनच येणं-जाणं. अण्णा त्यांना नुसतं 'सर' म्हणायचे, मी कधी भेटलो नाही. अण्णा गेले, त्यांनी जागा सोडली. हो, एकदा फोन आला होता त्यांचा. अण्णांनी घर मलाच द्यायचं कबूल केलं होतं म्हणाले. मी म्हटलं, कागद आहे का? नव्हता. मग मी मोनिका मॅडमकडं दिलं."

मी फोन ठेवला. एकतीस वर्षं मी कानाला हेडफोन लावून लोकांना जोडत आले. दोन टोकं दिसत नसतात, पण तारेवर कोण आहे ते कळतं. तसं कळलं होतं. आता प्रेरणाला पटवायचं होतं.

६

"शिवराज?" प्रेरणा जवळजवळ ओरडली. "मावशी, काहीतरीच! घर विकत घेणारा माणूस आपल्याच घरात बिऱ्हाड कशाला घालेल?"

"सहा लाख वाचवायला. दुसरं कुणाला काय मिळतंय यातून? एक पैसा न घेता भाडेकरू ठेवणाऱ्याला भाडं नको होतं, नुसती माणसं हवी होती. ती रिकाम्या ताब्याची ओळ कुणी घातली?"

"त्यांनी. पण ते काही पुरावा..."

"ऐक. फोनवरच्या माणसाला गुरुवार माहीत आहे. म्हणजे तो इथं अलीकडं राहिलाय, पाण्याला वार लागल्यानंतर. त्याच्याकडं भाडेकरूची किल्ली आहे, आणि अण्णांचा शेवटचा भाडेकरू म्हणजे ते अभ्यासिकेचे 'सर'. आणि त्याला हे माहीत नाही की नळ टाइलखाली गेला. म्हणजे दुरुस्तीनंतर त्यानं मागची बाजू पाहिलेली नाही. कडुबानं स्वतः नळ बुजवला, तो सुटला. मोनिकाला नळच माहीत नाही. विश्वजीतला वार माहीत नाही."

"आणि शिवराजनं मागची बाजू पाहिली नाही," प्रेरणा हळूच म्हणाली. "पण मावशी, पुष्कळ लोक नाही बघत."

"बरोबर. आता मला सांग, तो घर बघायला आला तेव्हा पाण्याचं काय विचारलं त्यानं?"

ती आठवत राहिली. मला तिच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं.

"काहीच नाही," ती म्हणाली. "पाणी कोणत्या दिवशी येतं, हेसुद्धा नाही."

"या शहरात माणूस एका खाटेपुरती खोली बघायला आला तरी आधी पाण्याचा वार विचारतो. मुलाबाळांसाठी घर घेणारा विचारत नाही, म्हणजे त्याला तो आधीच ठाऊक आहे."

प्रेरणा उठून खिडकीशी गेली. तिथूनच म्हणाली, "आणि तो नाही म्हणाला तर? हे सगळं आपण दोघींनी बसून जुळवलंय."

"म्हणून तर गुरुवारपर्यंत थांबायचं," मी म्हणाले.

७

गुरुवारी दहाला शिवराज आला. स्वच्छ शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. "मावशी, नमस्कार. तुमचं ऐकलंय प्रेरणाताईंकडून. बघा, मलाही वाईट वाटतंय. पण भाडेकरू बसलेलं घर म्हणजे..."

"बसा ना," मी म्हणाले. बैठकीत मी आणि प्रेरणा. आतल्या खोलीत दार लोटून आबेदा आणि शफीक. कडुबा गच्चीवर, पाण्याच्या टाकीचं झाकण बघायच्या निमित्तानं. मागच्या ओट्याच्या भिंतीला त्यानं लावलेला नवा नळ उन्हात चमकत होता. दार उघडताच पहिला तोच दिसायचा.

शिवराज दहा मिनिटं बोलला. भाडेकरूंचे कायदे, कोर्टाच्या तारखा, गंगापूरच्या एका ओळखीच्यांचे झालेले हाल. प्रेरणा मान खाली घालून ऐकत होती. मग मी कान टवकारले.

"अगंबाई! मागचं पाणी आलं वाटतं. नळ चालूच राहिलाय. आज गुरुवार ना? प्रेरणा, तू कागद बघ. शिवराजभाऊ, माझे गुडघे हे असे... जरा बंद करता का?"

"त्यात काय मावशी," तो म्हणाला आणि सहज उठला.

मी काठी टेकत त्याच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेले. त्यानं मागचं दार उघडलं. समोर उजवीकडं तो चमकता नळ होता. त्यानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो डावीकडं वळला, जिन्याखाली डोकं न आपटता सराईतपणे वाकला, आणि हात पुढं केला.

हात गुळगुळीत टाइलवर पडला.

किती वेळ तो तसा वाकून होता कोण जाणे. वरून कडुबाचं डोकं दिसलं. "काय शोधताय साहेब? नळ तर हिकडं हाय."

शिवराज सरळ झाला आणि या वेळी मात्र जिन्याला डोकं आपटलं. "मी... घर बघायला आलो तेव्हा पाहिला होता नळ."

"नाही पाहिला," प्रेरणा दारात येऊन उभी होती. "तुम्ही आलात त्याच्या महिनाभर आधी ही टाइल बसलीय."

"मग कुणीतरी सांगितलं असेल! हे काय चालवलंय तुम्ही? चौकशी करताय माझी?"

त्याचा आवाज चढला आणि आतलं दार उघडलं. आबेदा बाहेर आली. "येईच आवाज है," ती शफीकला म्हणाली, मग माझ्याकडं वळली. "अम्मा, हेच पुण्याचे विश्वजीत साहेब. टँकरची कटकट नाही म्हणाले होते न, तेच."

मी दोन खाचांची किल्ली ओट्यावर ठेवली. "सर," मी म्हणाले. अण्णा म्हणायचे तसंच. "ही तुमच्या आधी माझी होती."

तो ओट्याच्या कडेवर बसला.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "छप्पन्न पोरं लागली नोकरीला या दोन खोल्यांतून. अण्णा म्हणाले होते, घर तुम्हालाच देईन, तुम्हाला झेपेल त्या भावानं. मग ते गेले. मुलानं कागद मागितला. आणि तेच घर तुम्ही रंग लावून मला दीडपटीला विकायला काढलंत."

"मग मला तसं सांगायचं," प्रेरणा म्हणाली. "मी कदाचित कमीही केलं असतं. यांना कशाला रस्त्यावर आणलंत? तुमचं काय वाकडं केलं होतं यांनी?"

शिवराजनं शफीककडं पाहिलं नाही. "ठरलेल्या भावानं घेतो," तो पुटपुटला. "वर झालेला त्रास..."

"नाही," प्रेरणा म्हणाली. "तुम्हाला नाही."

इसारपावती त्याच बैठकीत, पेढ्यांचा पुडा बाजूला सारून, दोघांच्या सह्यांनी रद्द झाली. इसार तेवढाच परत, दुप्पट नाही. प्रेरणानं त्यासाठी आपली गाडी विकायची ठरवली, आणि त्याबद्दल एकदाही कुरकुरली नाही.

८

शिवराज गेला तरी कडुबा हलेना. छिन्नी-हातोडी घेऊन तो जिन्याखाली बसला.

"ताई, एक टाइल फोडू द्या. नवी म्या आणून देतो, माझ्या पैशानं. मला बघायचंय."

अकरा वाजून गेले होते. टाइल फुटली, सिमेंट निघालं, गंजलेलं बूच दिसलं. कडुबानं पाना लावला. आधी नुसती हवा सुसाटली, मग लालसर पाण्याचा फवारा त्याच्या तोंडावर उडाला, आणि मग नितळ, जाड धार जिन्याखाली पडू लागली.

"जिती हाय!" कडुबा ओलाचिंब होऊन ओरडला. "आज्जी, लाईन जिती हाय!"

आबेदानं धावत बादली आणली, शफीकनं टिप. प्रेरणा उभी राहून त्या धारेकडं बघत होती. मला वाटलं, ती मनातल्या मनात नवा भाव ठरवत असेल. दोन लाइनींचं घर, मोनिकानं पहिल्या ओळीत टाकलं असतं.

"शफीकभाऊ," ती म्हणाली, "एक तारखेला करारनामा करायचा ना? खऱ्या मालकिणीबरोबर. डिपॉझिट मात्र घेणार मी."

आबेदानं पहिला तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. चाळीसेक वर्षांनी मी त्या नळाचं पाणी प्यायले. चव तीच होती, जराशी लोखंडाची.

अशा रीतीनं विकायला घेतलेलं घर भाड्याचं झालं. बँकेनं त्या भाड्याच्या आधारावर पुढचं कर्ज दिलं, आणि मागच्या महिन्यात प्रेरणा दुसरं घर बघायला शहागंजला निघाली तेव्हा मीही काठी घेऊन बरोबर गेले. मालक उत्साही गृहस्थ होते. दारातच त्यांनी लाकडी महिरप दाखवली, वरचा सज्जा दाखवला, वारा कसा येतो ते सांगितलं.

"किल्ल्या एकूण किती आहेत?" प्रेरणानं विचारलं.

"चार," ते चमकून म्हणाले. "का हो?"

"आणि पाणी कोणत्या दिवशी येतं?"

"शुक्रवारी. पण आज बुधवार आहे, म्हणून काय झालं? तुम्ही आत तर या, घर बघा..."

प्रेरणा उंबऱ्यावरून मागं फिरली. "मग आम्ही शुक्रवारीच येतो," ती म्हणाली, "घर बघायला."